भाला कुणाचाही असू दे

शाळेत असताना मी भाला फेकायचे हे आता कुणाला सांगितलं की लोक मला वरून खालपर्यंत एकदा बघतात आणि मग "हो का?" म्हणतात. पण फेकायचे. सातवी ते दहावी, सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत. आणि भाला म्हणजे टीव्हीवर दिसतो तो चकचकीत नाही, साधा बांबू, पुढे लोखंडी टोक ठोकलेलं आणि मध्ये पकडायला सुतळी गुंडाळलेली. तालुक्याच्या स्पर्धेला सगळ्या शाळांचे मिळून भाले असायचे दोन, फार तर तीन, त्यातला जो जरा सरळ असेल तो सगळ्यांचा. आपला नंबर आला की तो घ्यायचा, फेकायचा, पलीकडून कुणीतरी उपटून आणून द्यायचं, पुढची तयार.

एका वर्षी आमच्या शाळेचा बांबू सगळ्यात सरळ निघाला आणि त्याच बांबूने दुसऱ्या शाळेची एक मुलगी पहिली आली. मी तिसरी. घरी येऊन मी रडून गोंधळ घातला, आपल्याच भाल्याने ती कशी काय जिंकली म्हणून. आजी चुलीपुढे बसलेली, तिने मागे वळूनसुद्धा न बघता विचारलं, "मग काय बांबूने तुला ओळखून जास्त लांब जायला पाहिजे होतं?"

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे भाचा. सध्या त्याला भालाफेकीचं वेड लागलंय, अर्थात नीरज चोप्रामुळे, आणि परवा त्याने मला विचारलं, मावशी नीरज आणि तो पाकिस्तानचा अर्शद आता बोलतात का गं एकमेकांशी? मी म्हटलं माहीत नाही रे, आणि विषय बदलला. पण मग रात्री झोप लागेना, कारण या प्रश्नाचं उत्तर मी गेली काही वर्षं मनात चार वेळा तरी बदललंय.

सुरुवात टोकियो ऑलिम्पिकपासून करते. ७ ऑगस्ट २०२१, फायनल. नीरजचा पहिला थ्रो यायची वेळ झाली आणि त्याला त्याचा भाला सापडेना. बघतो तर तो अर्शद नदीमच्या हातात. नीरज म्हणाला भाई हा माझा आहे, मला टाकायचाय, अर्शदने दिला, नीरजने घाईघाईत पहिला थ्रो टाकला ८७.०३ मीटर आणि दुसरा ८७.५८, त्यावर गोल्ड. अर्शद ८४.६२ वर पाचवा. झालं, एवढीच गोष्ट. नीरजने ती नंतर एका मुलाखतीत सहज हसत सांगितली, आणि दोन दिवसांत आपल्याकडे सोशल मीडियावर ती झाली "पाकिस्तान्याने भाला पळवला". कुणी म्हणे भाल्याशी छेडछाड करत होता, कुणी म्हणे कट होता.

मला तेव्हा आमचा बांबू आठवला आणि हसायलाच आलं. कारण भालाफेकीचा नियमच असा आहे की तुम्ही स्वतःचा भाला आणलात तर तो आधी तपासून घ्यायचा, वजन, लांबी सगळं, आणि एकदा तो पास होऊन रॅकवर लागला की तो फक्त तुमचा राहत नाही. फायनलमधला कुणीही तो उचलून टाकू शकतो. म्हणजे तुमच्या भाल्याने तुमचाच प्रतिस्पर्धी तुम्हाला हरवू शकतो आणि तुम्ही काही बोलू शकत नाही. बाकी कुठल्या खेळात असं चालेल सांगा. बॅडमिंटनवाला दुसऱ्याला रॅकेट देईल? इथे मात्र तो नियमच आहे, दिलदारपणाचा प्रश्नच येत नाही. नीरजने शेवटी २६ ऑगस्टला व्हिडिओ टाकून हेच समजावून सांगितलं, की भाला सगळे वापरू शकतात, त्यात काही गैर नाही, आणि कृपा करून माझ्या नावाचा वापर तुमच्या घाणेरड्या अजेंड्यासाठी करू नका. तेवीस वर्षांचा पोरगा, गोल्ड मिळून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते. मला त्या गोल्डपेक्षा त्या व्हिडिओचं जास्त कौतुक वाटलं होतं, आजही वाटतं.

आता थोडं विषयांतर, पण करणारच. आपण मराठी लोक पानिपत हा शब्द कसा वापरतो बघा. मॅच हरलो पानिपत झालं, निवडणूक हरले पानिपत झालं, बारावीला गणितात पानिपत. १७६१ आपल्या बोलण्यात असं रुतून बसलंय की त्या नावाचं गाव अजून आहे, तिथे लोक राहतात, चादरी ब्लँकेटं विणतात हे डोक्यातच येत नाही. आणि नीरज त्याच जिल्ह्यातल्या खंडरा गावचा, आणि भाला पहिल्यांदा हातात घेतला तो पानिपतच्या शिवाजी स्टेडियममध्ये! (तो मूळचा आपलाच, पानिपतानंतर तिकडे राहिलेल्या मराठ्यांपैकी, असे फॉरवर्डही २०२१ मध्ये खूप फिरले, त्यावर इतिहासवाल्यांचं एकमत नाही, आणि खरं तर तो आपला असायलाच पाहिजे असं काही आहे का?) भाला हे मुळात माणूस मारायचं हत्यार, आणि त्याच पानिपतात बसून एक पोरगा ते हत्यार मोकळ्या गवतात जास्तीत जास्त लांब कसं जाईल याचा विचार करतोय, मला हे चित्रच फार आवडतं.

आणि त्याला शिकवलं कुणी ते बघा, कारण खेळातून शिक्षण शिक्षण म्हणतात ते मला इथे जास्त दिसतं, ते ऑलिम्पिकच्या भाषणांमध्ये असतं तिथे नाही. पूर्व जर्मनीचा उवे होन नावाचा एक माणूस. २० जुलै १९८४ ला त्याने बर्लिनमध्ये भाला टाकला १०४.८० मीटर. शंभराच्या वर भाला टाकणारा आजपर्यंतचा तो एकटाच. आठच दिवसांनी लॉस एंजेलिस ऑलिम्पिक सुरू झालं आणि हा गेला नाही, जाऊच दिलं नाही, कारण रशियाच्या गटातल्या देशांनी त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार घातला होता (१९८० ला मॉस्कोवर अमेरिकेने घातला त्याचं उट्टं). तिथे गोल्ड गेलं ८६.७६ ला. म्हणजे होनच्या थ्रोपेक्षा अठरा मीटर अलीकडे. पुढे १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचं वजनच पुढच्या बाजूला सरकवलं, म्हणजे भाला लवकर खाली यावा आणि टोकावर पडावा, कारण असाच वाढत गेला तर मैदान पुरणार नाही अशी भीती होती. त्यामुळे होनचा आकडा आता जुन्या भाल्याचा म्हणून वेगळा काढून ठेवलाय. हा माणूस पुढे भारतात कोच म्हणून आला आणि २०१८ ला त्याच्या हाताखाली नीरजने कॉमनवेल्थ आणि एशियन गेम्सची दोन्ही गोल्ड मिळवली. ज्याचं ऑलिम्पिक राजकारणाने खाल्लं त्याने पानिपतच्या पोराला भाला शिकवला.

होनच्या आधी ऑस्ट्रेलियाचे गॅरी कॅल्व्हर्ट होते, टोकियोला जर्मनीचे क्लाउस बार्टोनिट्झ, आणि नंतर झेकचा यान झेलेझनी, ज्याचा ९८.४८ चा वर्ल्ड रेकॉर्ड १९९६ पासून कुणाला मोडता आलेला नाही. २०१९ ला नीरजच्या कोपराचं ऑपरेशन झालं ते आपल्या मुंबईत. तिकडे अर्शद काही काळ दक्षिण आफ्रिकेच्या टर्सियस लीबेनबर्गकडे शिकला. आणि केनियाचा ज्युलियस येगो तर यूट्यूबवर व्हिडिओ बघून भाला शिकला, खरंच, सायबर कॅफेत बसून, कारण त्याच्या देशात सगळे पळणारे, भाला शिकवणार कोण, आणि २०१५ ला तो ९२.७२ टाकून वर्ल्ड चॅम्पियन झाला. माझ्या भाच्याला मी हे सांगितलं तर म्हणे मग मला यूट्यूब बघू दे ना. चुकलंच माझं.

आता पॅरिस ऑलिम्पिक. ८ ऑगस्ट २०२४, आपल्याकडे रात्रीचे बारा वाजत आलेले. मी, भाचा, ताई, आणि सोफ्यावर घोरणारे भावोजी. अर्शदचा पहिला थ्रो फाउल, दुसरा ९२.९७. ऑलिम्पिक रेकॉर्ड. भाचा एकदम गप्प झाला. मग नीरजने ८९.४५ टाकला आणि आम्ही ओरडलो, भावोजी उठले, पण त्यानंतर नीरजचे सगळे फाउल, रेषेच्या पुढे पडत होता, चिडत होता, मांडीच्या सांध्याचं दुखणं होतंच त्याला. आणि अर्शदने शेवटचा थ्रोसुद्धा ९१.७९ टाकला, म्हणजे पहिला तुक्का होता असं म्हणायचीही सोय ठेवली नाही पठ्ठ्याने. पाकिस्तानला १९८४ च्या हॉकीनंतरचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड, आणि एकट्या खेळाडूने मिळवलेलं तर पहिलंच. ब्राँझ कुणाला, तर ग्रेनाडाच्या अँडरसन पीटर्सला. वर्षानुवर्षं हा खेळ फिनलंड नॉर्वे जर्मनीवाल्यांचा, आणि त्या रात्री उभे कोण, पाकिस्तान, भारत, ग्रेनाडा.

हा अर्शद मियाँ चन्नूचा, वडील गवंडीकाम करायचे. ऑलिम्पिकच्या काही महिने आधी तो सांगत होता की माझ्याकडे आंतरराष्ट्रीय दर्जाचा एकच भाला आहे, सात-आठ वर्षांचा, आणि तोही आता खराब झालाय. तेव्हा नीरजनेच आश्चर्य व्यक्त केलं होतं, की एवढ्या मोठ्या खेळाडूला भाल्यासाठी झगडावं लागतं हे पटत नाही. आणि गोल्डनंतर त्याला सासऱ्यांनी बक्षीस दिलं म्हैस! त्यावर अर्शदचं म्हणणं, म्हैस कशाला, पाच-सहा एकर जमीन तरी द्यायची. हे वाचलं तेव्हा मला तो एकदम आमच्या गावाकडचाच वाटला. आमच्याकडेही जावई असाच बोलला असता, फक्त सासऱ्यासमोर नाही.

आणि मग नीरजच्या आईची ती क्लिप. सरोज देवी. खंडऱ्याच्या घरी पत्रकार माइक घेऊन उभे, आणि त्या अगदी शांतपणे सांगतायत, आम्ही सिल्व्हरवरही खूश आहोत, आणि ज्याला गोल्ड मिळालं तोही आमचाच मुलगा आहे, कष्ट करतो. तिकडे अर्शदच्या आईनेही तेच सांगितलं, नीरज माझ्या मुलासारखाच, मी त्याच्यासाठीही दुआ मागते. कुणी लिहून दिलेलं नव्हतं हे. त्या क्लिपने मला रडवलं, मी ती स्टेटसला ठेवली, सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, चाळीसेक जणांनी हात जोडलेले आले, एका काकांनी तर मोठा निबंध लिहिला, खेळाने जे साधलं ते राजकारणाला जमलं नाही वगैरे. मीही खाली लिहिलं, अगदी खरं काका.

मग आला एप्रिल २०२५.

नीरज बंगळुरूला स्वतःची स्पर्धा भरवत होता, एनसी क्लासिक, जगातले चांगले भालाफेकपटू भारतात खेळायला बोलवायचे अशी कल्पना. त्यात अर्शदलाही बोलावणं गेलं. आणि २२ एप्रिलला पहलगाम झालं. सव्वीस माणसं मारली, त्यात सहा महाराष्ट्रातली, आणि त्यातले तिघं आमच्या डोंबिवलीचे. मी पंधरा वर्षं डोंबिवलीत राहते. दुसऱ्या दिवशी भागशाळा मैदानावर त्यांच्या अंत्यदर्शनाला जी गर्दी होती तिच्यात मीही होते, आणि तिथे जे वातावरण होतं ते मला इथे लिहिता येणार नाही. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं एवढंच सांगते.

त्या आठवड्यात नीरजला जे काही ऐकवलं लोकांनी, देशद्रोही काय, अजून काय काय, घरच्यांना शिव्या. बिचाऱ्याला निवेदन काढायला लागलं, की बोलावणी हल्ल्याच्या आधीच गेली होती, आता अर्शद यायचा प्रश्नच नाही, माझ्यासाठी देश आधी. (अर्शदनेही स्वतःची एशियन चॅम्पियनशिपची तयारी आहे म्हणून नाही सांगितलंच होतं.) त्या निवेदनात एक वाक्य होतं ते मला लागलं. त्याचा अर्थ असा, की वर्षापूर्वी माझ्या आईने साधेपणाने एक गोष्ट म्हटली तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, आणि आज तीच माणसं त्याच वाक्यासाठी तिला बोलतायत.

तीच माणसं. मी ग्रुप उघडून बघितलं. निबंधवाल्या काकांनी त्या दिवशी काय फॉरवर्ड केलं होतं ते सांगत नाही. आणि मी? मी शिव्या दिल्या नाहीत, पण ती जुनी क्लिप मी इन्स्टावर हायलाइटमध्ये ठेवली होती ती गुपचूप काढून टाकली. कुणी बघेल, काहीतरी बोलेल, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ती बघवत नव्हती. दोन्ही कारणं होती. किती टक्के भीती आणि किती टक्के राग हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

नंतर दोह्याला १६ मे रोजी नीरजने पहिल्यांदा नव्वद पार केले, ९०.२३, आयुष्यभर वाट बघितलेला आकडा, आणि तिथे पत्रकारांनी विचारलं काय तर अर्शदबद्दल. तो म्हणाला आम्ही तसे जिवलग मित्र कधीच नव्हतो, आणि आता पहिल्यासारखं राहणार नाही, पण माझ्याशी कुणी आदराने बोललं तर मीही आदरानेच बोलेन. आमच्या ऑफिसात यावर दोन तट पडले, एक म्हणे बघा दबावाखाली आला, दुसरा म्हणे बरं झालं. मला वाटतं तो फक्त खरं बोलला. त्यांची मैत्री आम्ही लावून दिली होती, फोटोंवरून. २०१८ चा जकार्ताचा फोटो, पोडियमवर हात मिळवताना, २०२३ चा बुडापेस्टचा, नीरज ८८.१७ अर्शद ८७.८२, फक्त पस्तीस सेंटिमीटरचा फरक, आणि नीरज त्याला फोटोसाठी जवळ बोलावतोय. हे सगळं खरंच होतं, पण ते दोन सहकारी होते, वर्षातून दोन-तीनदा कामाच्या ठिकाणी भेटणारे. आपणच त्यांच्या खांद्यावर दोन देशांची शांतता नेऊन ठेवली आणि ती पडली तर त्यांनाच बोललो.

प्राचीन ऑलिम्पिकची ती गोष्ट नेहमी सांगतात ना, की खेळांच्या काळात ग्रीसमधली युद्धं थांबायची. ती तशी नाहीये. युद्धं चालूच असायची. तह एवढाच होता की ऑलिंपियाला जाणाऱ्या येणाऱ्यांना, खेळाडू असो की बघायला निघालेला, वाटेत कुणी हात लावायचा नाही, आणि ऑलिंपियावर चाल करायची नाही. आपल्याकडे कसं, कितीही भांडणं असली तरी वारीच्या वाटेवर वारकऱ्याला कुणी अडवत नाही, तसं काहीतरी. मला आता वाटतं तेवढंच मागावं खेळाकडून. जायची यायची वाट मोकळी असावी आणि पोचल्यावर नियम सगळ्यांना सारखे, म्हणजे टोक आधी टेकलं पाहिजे, रेषा ओलांडली की फाउल, आणि रॅकवरचा भाला सगळ्यांचा. त्याच्या पुढे जे होतं, आई तसं काही बोलून जाते, कुणी कुणाला फोटोला बोलावतं, ते बोनस. पगारात धरायचं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये परत टोकियो, वर्ल्ड चॅम्पियनशिप, तेच स्टेडियम. आठवडाभरात दुबईला आशिया कपमध्ये भारत-पाकिस्तान मॅच झाली होती आणि आपल्या टीमने हात मिळवले नव्हते, त्यावरून सगळीकडे नुसता दंगा चाललेला. इकडे टोकियोत नीरज पाठीच्या दुखण्यासकट उतरला, ८४.०३, आठवा. अर्शद दहावा. आपला सचिन यादव चौथा आला ते कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही, बिचारा. गोल्ड त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटला. मोठी भारत-पाक लढत म्हणून चॅनेलवाल्यांनी दिवसभर ढोल बडवलेला, आणि शेवटी दोघंही फुस्स. मला मात्र बरं वाटलं, काय माहीत का. दोघंही एकाच मैदानात आले, एकाच रॅकवरून भाले उचलले, दोघांचाही दिवस वाईट गेला आणि दोघं घरी गेले.

तर भाच्याचा प्रश्न. रविवारी मी त्याला घेऊन त्याच्या शाळेच्या मागच्या मैदानावर गेले, पीटीच्या सरांकडून तीस मीटरची टेप मागून आणलेली. म्हटलं बोलतात की नाही ते सोड, किती लांब टाकतात ते तरी बघू. टीव्हीवर कळतच नाही ना. एका टोकाला रेष मारली, टेप लावत लावत गेलो, तीस, साठ, तिथेच तो म्हणाला मावशी अजून? त्याचा स्वतःचा, मुलांचा हलका भाला असून, अठ्ठावीस मीटर जातो. ८९.४५ ला कंपाउंडची भिंत हाताच्या अंतरावर आली, तिथे मी माझी एक चप्पल ठेवली, नीरज. पुढे साडेतीन मीटर, म्हणजे जवळजवळ एक अल्टो उभी राहील एवढं, आणि ९२.९७ ची खूण भिंतीच्या पलीकडे, वडापावच्या गाडीपाशी. भाचा टेपचं टोक आणि माझी दुसरी चप्पल घेऊन भिंतीवरून उडी मारून गेला, तिकडून ओरडला, "ठेवली! अर्शद!" वडापाववाला विचारतोय काय मोजताय, जागा घेताय का? त्याला सगळं समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली, तो म्हणाला इथपर्यंत? हाताने? आणि मग त्याने भाच्याला एक भजी दिली आणि तो भजी खात खात परत उडी मारून आला, चप्पल तिकडेच विसरून. मला भिंत चढता येत नाही, त्यामुळे एका पायात चप्पल घालून गेटमधून सगळा वळसा घेऊन आणायला मलाच जावं लागलं.